तिसऱ्या भागाचा निकाल

सोका गावातल्या सेम्बेच्या कारखान्यात तात्सुरो मिनेगिशीचं काम एवढंच, की सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहायचं आणि फुटकं दिसेल ते उचलायचं. तांदळाच्या भाजलेल्या चकत्या समोरून जात राहतात. चांगल्या असतील त्यांच्याकडे बघायचं कारणच नाही, त्या आपोआप पुढे जातात. तरुणपणापासून पन्नाशीपर्यंत हेच केल्यावर माणसाची नजर कशी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण मिनेगिशीला विचाराल तर कारखाना हे त्याचं पोटाचं काम. खरं काम घरी, सकाळी कामावर जायच्या आधी. दर तीन महिन्यांनी टीव्हीवर नव्या ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिकांचं पीक येतं. त्या लागतात मध्यरात्रीनंतर, कारण जाहिरातवाल्यांना त्या वेळा स्वस्त पडतात. मिनेगिशी त्या यंत्रावर रेकॉर्ड करून ठेवायचा, पहाटे उठून आईबरोबर भात आणि मिसोच्या सुपाचा नाश्ता करताना बघायचा आणि आपल्या ब्लॉगवर निकाल लावायचा. लिहायचं नाव घेतलं होतं 'फुटका सेम्बे'. वाचणारे फार नव्हते, पण होते ते पक्के. फुटका सेम्बे काय म्हणतो हे कळल्याशिवाय त्यांना नवी मालिका गिळवत नसे.

त्याचा नियम सगळ्या जुन्या रसिकांचाच, तीन भागांचा. पहिल्या भागात सगळं भांडवल ओतलेलं असतं, दुसरा उरल्यासुरल्यावर निघतो, मालिकेची लायकी कळते ती तिसऱ्यात. तिसऱ्या भागाला मन बसलं तर पुढे बघायचं, नाहीतर कापायची. कापलेली मालिका परत जोडायची नाही. बाकीचे लोक कापतात आणि विसरतात. मिनेगिशी कापायचा आणि चारचौघांत सांगायचा.

त्या वसंतातले त्याचे निकाल वाचण्यासारखे आहेत. ट्रकखाली मेलेला कारकून दुसऱ्या जगात जन्म घेऊन जकात अधिकारी होतो, त्या मालिकेवर त्यानं लिहिलं, 'पहिल्याच भागात या माणसाला कुणी हरवू शकत नाही असं ठरलं. मग आम्ही बघायचं काय, त्याचं जेवण? कापली.' तलवारबाजांच्या मालिकेवर लिहिलं, 'वार करण्याआधी नायक त्या वाराचं नाव, गाव, इतिहास सांगतो आणि शत्रू शेवटपर्यंत ऐकून घेतो. इतका सभ्य शत्रू ज्याला मिळाला त्यानं तलवार विकून टाकावी. कापली.' पाच मुली शाळेत लोणची घालतात, त्यावर लिहिलं, 'केसांचे रंग पाच, स्वभाव एक. कापली.' आणि एका रडक्या मालिकेवर, 'पियानो वाजला की रडायचं हे आम्हाला पाठ आहे. पण आधी कुणीतरी मेलेलं तरी पाहिजे.'

वाचणारे खो खो हसायचे. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की कित्येक हंगामांत या माणसानं एकही मालिका शेवटपर्यंत पाहिलेली नाही. त्याच्या आईच्या आलं होतं. फुसाए ऐंशीच्या घरातली, जिभेला हाड नसलेली बाई.

"तात्सु, तुला आवडत नाही तर बघतोस कशाला?"

"आवडेल असं काहीतरी लागेल म्हणून."

"बायकोच्या बाबतीतही असंच म्हणत होतास."

यावर मिनेगिशी पुढची मालिका लावायचा. आई म्हणत होती त्यापेक्षा वाईट होतं. त्याला आतून काही होईनासंच झालं होतं. पूर्वी एखादा पाठलाग बघताना मुठी आवळल्या जायच्या, आता लक्ष जायचं ते पळणाऱ्याचा पाय जमिनीला नीट टेकला की नाही इकडे. चूक दिसली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आनंद म्हणून आयुष्यात उरला होता तो तेवढा, आणि तो आनंद नव्हे हे त्याला कळत होतं.

माणूस म्हणून उरला होता एकच, केइजी सावातारी. विद्यापीठातल्या ॲनिमे मंडळातला दोस्त. दोघांनी एकाच स्टुडिओची परीक्षा दिली होती. सावातारी पास झाला, मिनेगिशीची रेघ थरथरते असा शेरा आला. सावातारी तेव्हापासून नेरिमातल्या स्टुडिओंमध्ये मान मोडून दुसऱ्यांची चित्रं काढत होता. हातावर पोट, भाड्याची एक खोली, ना बायको ना पोर. मालिकेच्या शेवटी त्याचं नाव इतक्या वेगानं सरकून जायचं, की मिनेगिशी यंत्र थांबवून आईला दाखवायचा, "हे बघ, सावातारी." आणि सावातारीनं काढलेला भाग वाईट असला तर दुसऱ्या दिवशी त्याला तोंडावर सांगायचा. सावातारीला ते चालायचं. चालायचं कसलं, त्यासाठीच तो फोन करायचा.

त्याच वर्षी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी सावातारीनं त्याला नेरिमाच्या ओडेनच्या टपरीवर बोलावलं. रश्शात मुळा उकळत होता. सावातारीनं साके, तांदळाची दारू, मागवली, तेव्हाच काहीतरी घडलंय याचा मिनेगिशीला वास आला.

"झालो रे," सावातारी म्हणाला.

"काय झालास? आजोबा?"

"त्याला आधी लग्न लागतं. दिग्दर्शक झालो. अख्खी मालिका, माझी गोष्ट. एप्रिलपासून."

मिनेगिशीनं त्याच्या पेल्यात इतकी साके ओतली की ती टेबलावर सांडली. "कशावर आहे?"

"सांगत नाही. बघ तू. नाव 'हिगाशिउरा धक्का'." मग सावातारीनं जेवायच्या काठीनं मुळ्याचा तुकडा उगाच दोन केला. "हे बघ, पैसेवाल्यांना काही आशा नाही, कुणीतरी मागे हटला म्हणून मला जागा मिळाली. मालिका पडेल, ते मला ठाऊक आहे. मी बाकीच्यांचं मनावर घेणारच नाही. पण तू लिही. नेहमीसारखं. तुला त्यात काही दिसलं, तर मी इथेच राहीन, परत दुसऱ्यांची चित्रं काढीन, मरेपर्यंत काढीन. नाही दिसलं तर भाऊ बोलावतोय गावी, आमच्या बेटावर, संत्र्यांच्या बागेत. डोळेही आता साथ देत नाहीत."

"असलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नकोस."

"तूच एक आहेस जो खोटं बोलत नाही. मग कुणाच्या डोक्यावर ठेवू?"

एप्रिल आला. पहिला भाग लागला. आतल्या समुद्रातलं एक लहान बेट, त्याचा बोटीचा धक्का आणि तिथे तिकिटं फाडणारी एक मध्यमवयीन बाई. मारामारी नाही, जादू नाही, बाईचे डोळे माणसाच्या डोळ्यांएवढेच. मिनेगिशीनं लिहिलं, 'घाई नाही. बघू.' दुसऱ्या भागावरही तेच लिहिलं. त्याच्याकडून 'बघू' म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तोरण बांधल्यासारखं.

तिथेच माशी शिंकली. 'कावळा' नावानं लिहिणारा, मिनेगिशीचं खरं नाव ठाऊक असलेला एक वाचक होता. त्यानं विद्यापीठाच्या मंडळाचा जुना अंक कुठूनसा काढला आणि निकालाखाली लिहिलं, 'दिग्दर्शक सावातारी आणि आपले फुटके सेम्बे एकाच मंडळातले दिसतात. म्हणून ही घाई नाही का? आता तराजू बघू.'

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हो, दोस्त आहे, मग? पण मिनेगिशीचे हात आधीच बांधलेले होते, आणि बांधले होते त्यानंच. आदल्या वर्षी एका भल्या टीकाकारानं आपल्या मेहुण्याच्या मालिकेची तारीफ केली होती. मिनेगिशीनं त्याला 'आपला तो बाब्या' म्हणून असा सोलून काढला, की बिचाऱ्यानं लिहिणंच सोडलं. आता सगळे त्याच जागी मिनेगिशी उभा राहतो का, ते बघत होते.

तिसरा भाग त्यानं पहाटे लावला. आई शेजारी मिसोचा वाडगा धरून बसलेली. गोष्ट एवढीच होती, की उन्हाळ्यात दोन मुलगे धावत धक्क्यावर येतात आणि बोट नुकतीच सुटलेली असते. पुढची संध्याकाळी. दोघं दगडावर बसतात. तिकीटवाली बाई त्यांना एक उन्हाळी संत्रं देते. एक मुलगा बऱ्याच वेळानं म्हणतो, "मी चित्रंच काढणार." दुसरा संत्रं सोलतो, पांढऱ्या शिरा एकेक करून काढतो आणि साफ केलेला अर्धा भाग पहिल्याला देतो. मग बोट येते.

मिनेगिशीच्या हातातल्या काठ्या तशाच राहिल्या. विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सावातारीच्या बेटावर तो धक्का, ती दुपार, ते वाक्य, सगळं घडलेलं होतं. फक्त संत्र्याचं त्याला आठवत नव्हतं. आपण शिरा काढून दिल्या होत्या? सावातारीनं इतकी वर्षं ते जपून ठेवलं होतं. मिनेगिशीचे डोळे वाहायला लागले आणि थांबेचनात. किती वर्षांनी त्याला काहीतरी झालं होतं! मुलाच्या हाताची रेघ कशी होती, पाय टेकला की नाही, काही म्हणजे काही त्यानं पाहिलं नाही.

"कोण मेलं?" आईनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग रडतोस काय? बोट चुकली म्हणून? संध्याकाळी येते की दुसरी."

तो कामावर गेला. पट्ट्यासमोर उभा राहिल्यावर त्याचं डोकं चालू लागलं, आणि तिथेच घात झाला. आपण रडलो कशामुळे? मालिका चांगली म्हणून, की त्या दगडावर आपण बसलो होतो म्हणून? जो तिथे नव्हता त्याला यात काय दिसणार? आपली आई पाहा, तिला काही वाटलं नाही. तेव्हा ही तारीफ खरी नव्हे, ही ओळखीची माया. हीच माया दुसऱ्यानं दाखवली तेव्हा आपण त्याचं काय केलं? जितकं त्याला आवडलं होतं तितका त्याचा स्वतःवरचा संशय वाढत गेला. आवडल्याचाच त्याला पुरावा वाटू लागला, की आपण लबाड आहोत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काय उगाच म्हटलंय? सावातारीनं विश्वास टाकला तो आपण खोटं बोलत नाही म्हणून, आणि मग त्याच्यासाठी खोटं बोलायचं? संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढून तो सरळ लिहायला बसला.

'तिसऱ्या भागात दोन मुलांची बोट चुकते. पुढे काही होत नाही. समुद्र सुंदर आहे, हातांची हालचाल तर या हंगामात सगळ्यांत सुंदर आहे. पण आठवण म्हणजे गोष्ट नव्हे. दिग्दर्शकाला वाटतं, आपल्याला जे आठवतं ते जगालाही आठवतं. जगाची बोट चुकलेली नाही. कापली.'

हे लिहिताना त्याला आपण फार मोठं, फार अवघड काहीतरी करतोय असं वाटत होतं. कावळ्यानं खाली लिहिलं, 'मानलं. तराजू सरळ.' बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. 'जगाची बोट चुकलेली नाही' हे वाक्य लोकांना इतकं आवडलं, की पुढे कुठलीही संथ मालिका दिसली की ते चिकटवू लागले. मिनेगिशीच्या सगळ्या आयुष्यात त्याचं इतकं काही गाजलं नव्हतं.

दोन दिवसांनी सावातारीचा निरोप आला. 'वाचलं. नेहमीसारखंच लिहिलंस. आभारी आहे.' बस्स. मिनेगिशीनं तो परत परत वाचला. राग नव्हता, टोमणा नव्हता. शिवी असती तरी बरं वाटलं असतं.

एका सेम्बेवाल्याच्या लिहिण्यानं मालिका पडत नसते. ती पडणारच होती आणि पडली. चर्चा उरली ती जकात अधिकाऱ्याची. पण मिनेगिशी दर आठवड्याला पहाटे उठून हिगाशिउरा धक्का बघत होता, कापलेली मालिका, चोरून. चौथा भाग चांगला होता, सहावा त्याहून चांगला. दहाव्यात तिकीटवाली बाई एकटीच धक्का झाडते, तेव्हा तो पुन्हा रडला, आणि हे तर त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, झाडणारी बाईही त्याच्या ओळखीची नव्हती. तेव्हा त्याला पक्कं कळलं की माया वगैरे काही नाही, मालिका खरोखर चांगली आहे. तेव्हा तरी लिहायचं! पण कापलेली जोडायची नाही, हा नियम. आणि कावळा बसलेलाच. या हंगामानंतर लिहू, सगळं निवळल्यावर लिहू, असं म्हणत त्यानं जून घालवला. फोन हातात घ्यायचा आणि काय बोलायचं ते न सुचून खाली ठेवायचा. सावातारीही फोन करत नव्हता. पूर्वी काही वाईट झालं की तोच करायचा.

जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात सावातारी उभा होता. इतक्या उकाड्यात कोट-टाय, केस नीट कापलेले, हातात कागदात बांधलेला मिठाईचा खोका. नोकरी सोडून गाव सोडणारा माणूस ज्यांचे उपकार झाले त्यांच्या दारी असा जातो, आत यायच्या आधी वाकतो आणि ठरलेलं वाक्य म्हणतो. सावातारी वाकला.

"इतकी वर्षं आपला फार आधार झाला. आपला आभारी आहे."

"आपला? वेड लागलं का तुला?" मिनेगिशीनं त्याचा दंड धरला. "आत ये."

"नाही, गाडी आहे. सामान पुढे गेलंय. भाऊ बंदरावर न्यायला येणार आहे."

आतून फुसाए भिंतीला धरत धरत आली. "सावातारी, तू? किती वाळलास! अरे, तुझी ती बोटीची कार्टून आम्ही पाहिली बरं का. मला काही कळली नाही. पण हा ढसाढसा रडला. नाश्ता तसाच टाकून रडला!"

"काकूंचा स्वभाव पहिल्यापासून गोड," सावातारी हसून म्हणाला. गिऱ्हाइकाला हसावं तसं हसला.

"खरं सांगतेय ती," मिनेगिशी म्हणाला. "रडलो होतो मी. तिसऱ्या भागाला. त्या संत्र्याला. आणि सगळे भाग पाहिले मी, शेवटपर्यंत. तसं मालिकेत काही पाहिलेलं नाही मी कधी, शपथेनं सांगतो, सावातारी. मी लिहिलं ते चुकलं. मी घाबरलो."

सावातारीनं खोका दाराशी ठेवला. त्यानं मिनेगिशीकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, दयाच होती.

"मिनेगिशी, नको."

"मी खोटं बोलत नाहीये."

"मी चाललो म्हणून बोलतोयस. कुणीही बोलेल. परवा स्टुडिओत सगळे तेच म्हणाले, फार छान, मनाला भिडली. निरोपाच्या वेळी असंच म्हणतात, म्हणावंच लागतं. पण तू नको रे त्यांच्यात जाऊ. तुझ्याकडून मी आयुष्यभर खरं तेवढंच ऐकलं. तेवढं तरी माझ्याजवळ राहू दे."

"अरे पण..."

"तू लिहीपर्यंत मला वाटत होतं, तो तिसरा भाग माझ्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम आहे. वेडाच होतो. तुझं वाचलं आणि सारखा विचार केला, जो त्या दगडावर माझ्या शेजारी बसला होता त्यालासुद्धा काही दिसलं नाही, म्हणजे तिथे काही नव्हतंच. मलाच दिसत होतं. मग सोडणं सोपं गेलं. नाहीतर आणखी दहा वर्षं खुर्ची धरून बसलो असतो. त्याचेच आभार मानायला आलो."

मिनेगिशी आता काय म्हणणार? मोठ्यानं म्हटलं तर जास्त खोटं वाटणार, रडला तर तेही निरोपाचंच रडणं ठरणार. तीस वर्षं त्यानं मित्रापाशी जी पत कमावली होती ती सगळीच्या सगळी त्या एका खोट्याच्या मागे उभी होती, आणि खऱ्याच्या वाट्याला दमडीही उरली नव्हती. सावातारी घड्याळाकडे बघून वाकायला लागला. आता तो वाकणार, वळणार आणि कोपऱ्यावरून दिसेनासा होणार.

"शेवटी संगीत जरा जास्त झालं," मिनेगिशी म्हणाला.

सावातारी अर्धवट वाकलेला थांबला. "कुठे?"

"बोट येते तिथे. गप्प ठेवायला हवं होतं."

सावातारीचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदा तो मिनेगिशीचा जुना दोस्त दिसला. "तेच! मी म्हणत होतो त्यांना! आणखी?"

"बाईचा खांदा. संत्रं देताना उगाच वर जातो."

"गेलाय, गेलाय! तू कसा पकडलास? आणखी सांग."

आणि तो कोट काढून दाराच्या पायरीवर बसला. मिनेगिशी त्याच्या शेजारी बसला. आई आतून म्हणत होती की बाहेर उकडतंय, आत तरी या. आयुष्यात जिच्यावर जीव जडला त्या एकाच गोष्टीत, गाडीची वेळ होईपर्यंत, मिनेगिशी दोष काढत राहिला, आणि संपले तेव्हा नसलेले काढू लागला.